जावयाची शिकवणी

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून पुन्हा लिहायला घेतलं. मनातलं बोलावं असं माणूस या घरात उरलेलं नाही. आर्नेला, माझ्या नवऱ्याला, जाऊन दोन हिवाळे झाले. मुलगी हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून आली की बूट न काढता सोफ्यावर आडवी होते. आणि तिसरे आमचे जावईबापू. त्यांच्याशी बोलायचं तर आधी रांगेत उभं राहावं लागतं, कारण निम्मं पोर्ट हॅलिंग गाव त्यांच्याशी बोलायला टपलेलं असतं.

जावईबापू म्हणजे कॉर्डेल फॉन्टेनो, गावाचा लाडका डेल. लांबून फेकलेला चेंडू उडी मारून हवेतच झेलायचा आणि दोन रेडे अंगावर येऊन आपटायच्या आत पळत सुटायचं, एवढी एकच विद्या. त्या विद्येवर आमच्या सॉयर्स या अमेरिकन फुटबॉल टीमने त्याला सात वर्षं पोसला आणि गावाने डोक्यावर घेतला. मग तो दक्षिणेतल्या टीमकडे गेला, तेव्हा याच गावाने स्टेडियमच्या पार्किंगमध्ये त्याचे शर्ट जाळले. त्या टीमने सोडला, पुढच्या टीमने सोडला, आणि जानेवारीपासून स्वारी माझ्या तळघरात मुक्कामाला आहे. 'थोडेच दिवस, आई,' असं ब्रिटा म्हणाली होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! माझं शिवणयंत्र गॅरेजमध्ये गेलं आणि त्या जागी त्याचे व्यायामाचे लोखंडी गोळे आले.

आज प्रार्थनेनंतर कळलं की सरावात सॉयर्सचे दोन रिसीव्हर, म्हणजे याच्यासारखेच चेंडू झेलणारे, एकाच आठवड्यात मोडले. एकाचा गुडघा, दुसऱ्याचा खांदा. पास्टरसाहेबांनी दोघांसाठी प्रार्थना केली, पण लोकांचे डोळे माझ्याकडे. बाहेर पडेपर्यंत चौघांनी हात धरून विचारलं, डेल तयार आहे ना?

मी म्हटलं, जेवायला तरी कायम तयार असतो.

६ ऑगस्ट, बुधवार

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. टीमने अजून तोंडातून ब्र काढलेला नाही आणि गावाने जावयाला परत आणून ठेवलासुद्धा. अंगणाअंगणात पाट्या लागल्यात, 'डेलला घरी आणा'. अहो, तो घरीच आहे. माझ्या घरी आहे. न्यायचा असेल तर न्या.

चर्चबाहेरच्या फलकावर पास्टरसाहेबांनी अक्षरं लावली आहेत: 'प्रभू पुन्हा येणार. डेलही येवो.' प्रभूला निदान पहिला नंबर दिला, हे उपकारच.

शेजारची फर्न पीच पाय, म्हणजे पीच भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आली. चाळीस वर्षांत या बाईने मला त्याची कृती सांगितली नाही, आज आख्खा पाय. शर्ट जाळणाऱ्यांत हिचा नवरा पहिला होता, पेट्रोल त्याचंच. आता तो नवीन शर्ट मागवतोय म्हणे. जावयाने तिला बर्फातल्या त्या प्रसिद्ध झेलाची गोष्ट सांगितली. तो कापताना एकदा, खाताना एकदा आणि दारापर्यंत सोडताना परत एकदा. फर्नला तिन्ही वेळा तेवढंच भरून आलं. मला वाटलं होतं, स्वतःचं कौतुक करून माणूस कधीतरी थकत असेल. नाही थकत.

९ ऑगस्ट, शनिवार

स्टार लोकांना लोणी आणायला पाठवू नये, हा आजचा धडा. सकाळी गेला तो जेवणाची वेळ टळून गेल्यावर उगवला, घामाघूम, पायी, आणि लोण्याशिवाय. गाडी कुठे आहे विचारलं तर माझ्याकडेच असा बघायला लागला जसं काही मीच चोरली. गाडी दुकानाबाहेर होती. फर्नच्या नवऱ्याने आणून दिली आणि वर जावयाबरोबर सेल्फी काढून घेतला.

ब्रिटाला सांगितलं तर तिने गुपचूप गाडीच्या किल्ल्या उचलून पर्समध्ये टाकल्या. वर मलाच म्हणते, 'आई, मी नसताना दुपारी तू बाहेर जाऊ नकोस ना.' घ्या. गाडी हरवली त्याने आणि नजरकैद मला.

शिवाय स्वयंपाकघरात काळा चष्मा. पडदे ओढलेले. उजेड डोळ्यांना खुपतो म्हणे. हॉलीवूडवाल्यांना तळघरात ठेवलं की हे असंच व्हायचं. दूध आज भांड्यांच्या कपाटात सापडलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आला! फोन आला. सॉयर्सचे मॅनेजर हल्वर्सन यांचा स्वतःचा. मंगळवारी चाचणीला बोलावलंय. पळून दाखवायचं, झेलून दाखवायचं, आणि हे जमलं तर पुढे डॉक्टरी तपासणी.

जावयाने मला उचलून स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं. अडुसष्ट वर्षांच्या बाईला! मी ओरडले, पण मनातून मलाही उकळ्या फुटत होत्या. शिवणाची खोली परत मिळणार. ब्रिटाला आपल्या घरात जाता येणार. आणि खरं लिहायचं तर फर्नच्या तोंडावर मिरवायलाही मिळणार.

ब्रिटा मात्र गप्प. अभिनंदन म्हणाली, त्याच्या गालाचा पापा घेतला आणि अंगण झाडायला गेली. नवऱ्याला नोकरी लागायची वेळ आली की बायकोने आनंदाने अंगण झाडायचं, ही कुठली नवी रीत मला माहीत नाही. नखरे आहेत सगळे. बापावर गेलीय, पोटातलं ओठावर येईल तर शपथ.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

चर्चच्या तळघरात मासे तळायचा शुक्रवार. मला रांगेत उभं राहू दिलं नाही. 'डेलची सासू' म्हणून थेट पुढे नेलं आणि ताटात जास्तीचा तुकडा पडला. सत्तावीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं, निम्म्या गावाला पाढे आणि नाक पुसणं मी शिकवलं, पण जास्तीचा मासा मिळाला तो जावयामुळे.

दोन तट पडलेत. तरुण पोरं म्हणतात, म्हातारा झालाय, तेहतीस म्हणजे या खेळात आजोबाच. बाकीचे म्हणतात, असेना, आपला आहे. कोणालाही तो कसा आहे हे विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही वाटलं म्हणा, मी मासे खात होते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

चाचणी झाली. घरच्यांना कुंपणापाशी उभं राहू दिलं. ब्रिटाने ड्यूटी आहे सांगितलं, म्हणून घरची मी एकटीच होते.

आता हे लिहायला जिवावर येतंय, पण लिहिते. सुंदर होतं ते. घरात कपाटाचं दार पायावर पाडून घेणारा हा माणूस मैदानावर उतरला आणि वेगळाच कोणी दिसायला लागला. चेंडू यायच्या आधीच याला ठाऊक असायचं तो कुठे येणार. मागे न बघता हात वर करायचा आणि चेंडू येऊन हातात बसायचा. एकही सुटला नाही. गवत कापणारे दोघं यंत्र बंद करून बघत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वारा फार होता.

हल्वर्सन कुंपणाशी येऊन हात मिळवून गेले. पुढच्या मंगळवारची डॉक्टरी तपासणी तेवढी बाकी, कागद तयार आहेत म्हणाले. गाडीत बसताना मी जावयाला म्हटलं, वाईट नव्हतं. तो म्हणाला, 'तुम्ही कधी आलात, मॅम?' सकाळी मीच त्याला गाडीतून नेला होता! मोठ्या लोकांना ड्रायव्हरचं तोंड लक्षात राहत नाही, दुसरं काय.

२० ऑगस्ट, बुधवार

आज दुपारी जावईबापू माझ्यासमोर खुर्चीवर बसले, हात मांडीवर, मान खाली. वर्गात बुटाच्या नाड्या बांधता न येणारी पोरं अशीच यायची. म्हणाला, 'मॅम, तुम्ही टीचर होतात ना? मला शिकवाल?'

प्रकरण असं आहे. तपासणीत गुडघे, हृदय वगैरे असतंच, पण एक डोक्याचीही परीक्षा असते. शब्द सांगतात, ते लक्षात ठेवून परत म्हणायचे. महिने उलटे म्हणायचे. आकडे उलटे. प्रश्न वर्षानुवर्षं तेच, शब्दही फिरून फिरून तेच येतात, खेळाडूंना सगळे तोंडपाठ. आणि त्यांची गंमत ऐकावी. पहिल्या वर्षी जुने खेळाडू नव्यांना शिकवतात की हंगामाच्या सुरुवातीला परीक्षा झाली की मुद्दाम चुकायचं. म्हणजे पुढे डोक्याला मार बसला आणि परत परीक्षा घेतली, तर मार्क तेवढेच पडतात आणि मैदानातून बाहेर काढत नाहीत. सगळेच करतात म्हणे. तिसरीतली पोरं यांच्यापेक्षा बरी, ती निदान पास व्हायला कॉपी करायची.

मी म्हटलं, मग याही वर्षी चूक की.

'या वर्षी मुद्दाम चुकावं लागणार नाही, मॅम,' म्हणाला आणि हसला. मीही हसले. हजरजबाबी आहे, हे कबूल केलं पाहिजे.

त्याचे जुने मार्क सॉयर्सकडे आहेत. त्यांच्या खाली गेला तर घेणार नाहीत. ब्रिटाला सांगायचं नाही, नर्स आहे, उगाच राईचा पर्वत करेल, असंही ठरलं. मी होकार दिला. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलेलं नव्हतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शिकवणीचा पहिला दिवस. विद्यार्थी दगड.

चमचा, घोडा, कंदील, लोणी, पायरी. एवढे पाच शब्द. घोडा आणि लोणी म्हणतो आणि थांबतो. डिसेंबरवरून निघतो, ऑक्टोबरला अडखळतो आणि पुढे सरळ जानेवारीकडे वळतो. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा टेबलावर मूठ आपटली, माझा कप फुटला. लगेच जमिनीवर बसून तुकडे वेचायला लागला आणि रडला. सहा फूट दोन इंचांचा माणूस कपासाठी रडतो! मी सांगितलं, रडून पाठ होत नाही, ऊठ.

लाडावलेलं आहे, दुसरं काही नाही. कोणी अभ्यास घेतलाच नाही याचा कधी. चेंडू झेलतोय ना, मग जाऊ दे पुढच्या वर्गात.

२३ ऑगस्ट, शनिवार

जमलं! शिकवणारीला हाडं दुखेपर्यंत काम करावं लागलं, पण जमलं.

पाच शब्दांची गोष्ट करून दिली. घोडा पायरीवरून घसरला, कंदील लोण्यात पडला, चमच्याने काढला. प्रत्येक यादीची अशी एक गोष्ट. महिन्यांना चाल लावली, बोटांवर म्हणायची. आकड्यांसाठी टेबलावर ठेका. तिसरीच्या वर्गात ज्या पोरांबद्दल बाकीच्या बायांनी हात टेकले होते, त्यांना मी असंच पार केलंय. आज एकदाही चुकला नाही. रेडिओवर तासभर दोघे भांडत होते, डेलला घ्यावं की नाही, आणि आम्ही आवाज बंद करून उलटे महिने म्हणत होतो. मला तर वाटतं सॉयर्सने मलाच घ्यावं.

संध्याकाळी त्याने माझ्यासाठी चहा केला. मीठ घातलं. पण केला.

२४ ऑगस्ट, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी वारा सुटला. मी खिडक्या लावत होते. तो मागून आला, बाहेर तलावाकडे बघितलं आणि म्हणाला, 'मॅम, आर्ने अजून होडीतच आहेत का? बरंच खवळलंय पाणी. मी जाऊन बघू का?'

आर्नेच्या पेटीला खांदा द्यायला हा दक्षिणेतून विमानाने आला होता. सामना सोडून आला होता. बर्फात सगळ्यांत पुढे होता.

मी काहीतरी बोलले असणार, कारण त्याचा चेहरा बदलला. 'हो. हो, माहीत आहे मला,' म्हणाला आणि तळघरात गेला. पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावून उतरला. असा तो रोजच उतरतो. मी त्याला ऐट म्हणायचे.

ब्रिटा आल्यावर सांगितलं. ती दचकली नाही. बॅग खाली ठेवून खुर्चीवर बसली.

'कधीपासून?' मी विचारलं.

'वर्ष झालं असेल. मागच्या टीमला समजलं होतं, म्हणून सोडला. त्यांनी बाहेर बोलू दिलं नाही.' मग म्हणाली, 'तुला काय वाटलं, आई, आम्हाला राहायला जागा नाही? दिवसा कोणीतरी घरात असावं म्हणून आलो ना इथे.'

मी विचारलं, मग त्याला तपासणीला जाऊ का देतेस? अजून एक दणका बसला तर काय होईल?

'तर तो मलाही ओळखणार नाही,' ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, हॉस्पिटलात नातेवाइकांशी बोलत असेल तशी. 'मी नको म्हटलं तर बायको आडवी आली असं होतं, आई. जन्मभर तेच राहील. पण मंगळवारी तो नापास होईल. साधे पाच शब्द त्याच्या लक्षात राहत नाहीत. डॉक्टरांनीच नको म्हटलं की संपलं. त्याला थांबवायला माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे. आठ महिने मी त्या परीक्षेवर भिस्त ठेवून बसलेय.'

मी तिला विचारलं, सूप देऊ का.

हो म्हणाली. दिलं. शिकवणीचं तिला सांगितलं नाही. मूर्ख बाई, मूर्ख बाई, मूर्ख बाई. दगड तो नव्हता.

२५ ऑगस्ट, सोमवार

जाऊ नकोस, असं जावयाला सांगून बघावं, असं सकाळी वाटलं. तळघरात डोकावले तर डोळे मिटून बोटांवर महिने म्हणत होता, मी लावलेल्या चालीत. तशीच परत वर आले.

मग कोट घालून डॉ. नील ओस्टरहाउसकडे गेले. सॉयर्सचा डॉक्टर. माझ्या वर्गात होता, तिसऱ्या बाकावर, दिवसभर पेन्सिल चावायचा. अजूनही मला बघितलं की उठून उभा राहतो. बस म्हटल्यावर बसला.

'मिसेस लिंडस्ट्रॉम, डेलबद्दल असेल तर मला काही बोलता येणार नाही,' म्हणाला.

'तू बोलूच नकोस. ऐक. उद्या तो पास होणार आहे.'

'चांगलंच आहे की.'

'चांगलं नाही. मी शिकवलंय त्याला. तुझे सगळे शब्द, महिने, आकडे, सगळं. मी शिकवलेलं पोर नापास झालेलं तुला आठवतं का?'

नीलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पोरगा हुशार होता, पेन्सिल चावत असला तरी.

मी म्हटलं, 'तुझ्या कागदावरचं विचारू नकोस. मी न शिकवलेलं विचार. सकाळी काय खाल्लंस, एवढंच विचार. मी त्याला नीट खायला घालून पाठवीन. उत्तर चुकलं तर काय करायचं ते तू डॉक्टर आहेस, तुला कळतं.'

त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. मग म्हणाला की गावाला कळलं तर लोक तुम्हाला या गावात राहू द्यायचे नाहीत. मी म्हटलं, गावाचं मला विशेष नाही, त्यांना मी नाक पुसायला शिकवलंय. त्याला आणि ब्रिटाला कळता कामा नये. नीलने मान हलवली. दारापर्यंत सोडायला आला आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला. लहानपणी सुद्धा याचे हात गारच असायचे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी पातळ पॅनकेक केले, लिंगनबेरीच्या मुरंब्याबरोबर. आमच्याकडे ते फक्त नाताळात होतात. आर्नेच्या आईची कृती आहे आणि त्यात मरणाचं काम असतं. ताटल्या लग्नातल्या काढल्या. एवढं काहीतरी निराळं असावं की विसरताच येऊ नये. देवा, एवढं तरी याच्या लक्षात राहू दे, असं म्हणत पीठ घोटलं. आणि नाही राहिलं तर बरं, हेही त्याच वेळी म्हणत होते. त्यातलं कोणतं ऐकायचं ते देवाचं देवाला ठाऊक.

सात खाल्ले. 'आज नाताळ आहे का, मॅम?' म्हणाला आणि बोटं चाटली. ब्रिटाने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

दुपारी दोघं परत आली. ती गाडीतच बसून राहिली. तो आत आला, टेबलाशी माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला.

'शब्द सगळे आले, मॅम. महिने पण. डॉक्टरांनी बरोबर-बरोबर म्हणून खुणा केल्या. मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, आज सकाळी काय खाल्लं.' थांबला. 'मी म्हटलं, कॉर्नफ्लेक्स.'

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

'कॉर्नफ्लेक्स नव्हतं ना?'

'नव्हतं,' मी म्हटलं.

'येताना गाडीत वाटत होतं मला. काहीतरी गोड होतं, ना?'

त्याच्या बाहीला मुरंबा लागलेला होता. मी ओलं फडकं आणून पुसून काढला.

२७ ऑगस्ट, बुधवार

सॉयर्सने सकाळी निवेदन काढलं. फॉन्टेनो यांच्या कारकिर्दीचा आम्हाला आदर आहे, तूर्तास इतर पर्यायांचा विचार चालू आहे, वगैरे. नीलने तोंड उघडलेलं नाही.

न्याहारीपर्यंत गाव पेटलं. हल्वर्सन कृतघ्न, टीमला काळीज नाही, आमच्या डेलला असं वागवलं! जेवणाच्या वेळेपर्यंत तेच गाव म्हणत होतं की खरं तर त्याचे पाय संपलेच होते. आणि चहापर्यंत बातमी आली की पश्चिमेकडून एका तेवीस वर्षांच्या पोराला आणताहेत. फर्नच्या अंगणातली पाटी उतरली. पाठीमागे कोरी होती, तिथे त्या पोराचं नाव रंगवायला घेतलंय तिच्या नवऱ्याने. रंग माझ्याकडे मागायला आला. दिला.

फलकावर आता फक्त प्रभू येणार आहे.

सगळ्यांनी एकजात टीमला शिव्या दिल्या, मला कोणी नाही. फर्न तर गळ्यात पडून म्हणाली, 'तुला किती वाईट वाटत असेल, अर्डिस.' मी हो म्हटलं. एवढं खरं मी या महिन्यात एकदाच बोलले असेन.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मासे तळायला गेले नाही.

ब्रिटा काल रात्रभर झोपली, मधे एकदाही न उठता. सकाळी स्वयंपाकघरात येऊन मला पाठीमागून मिठी मारली आणि म्हणाली, 'सुटलो, आई. देवाने ऐकलं.' देवाच्या खात्यावर जातंय ते बरं आहे, तिथे कोणी चौकशी करत नाही. पुढच्या आठवड्यात ती त्याला मोठ्या शहरात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. तो हो म्हणाला. आता नाही म्हणायला त्याच्याकडे कारण राहिलं नाही.

दुपारी तो वर आला. चष्मा नव्हता, पडदे मीच ओढून ठेवले होते. परवापासून त्याचा आवाज घरात ऐकू आला नव्हता. खुर्ची ओढून बसला, हात मांडीवर, पहिल्या दिवशी बसला होता तसाच.

म्हणाला की तो एकच प्रश्न अंगावर आला. बाकी सगळं तुम्ही करून घेतलं होतंत. हा यादीत नव्हता, त्यात तुमची काही चूक नाही. मी त्याच्याकडे बघू शकले नाही, टेबलावरचे कण गोळा करत बसले.

'पुढच्या वर्षी परत बोलावतील कोणीतरी,' तो म्हणाला. 'या वेळी आपण उशिरा सुरुवात केली. आत्तापासून बसलो तर ते पण होईल. सकाळी काय खाल्लं, काल कोण आलं होतं, असलं सगळं. शिकवाल ना?'

मी म्हटलं, शिकवीन.

'ब्रिटाला मी खेळायला नको होतो, मॅम. मला कळतं ते. गावाचं तर काय, आज आहे उद्या नाही. माझ्या बाजूने तुम्ही एकट्याच उभ्या राहिलात.' आणि त्याने टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला. हवेतून येणारा चेंडू झेलायचा त्याच हाताने, अगदी अलगद.

माझा हात मी काढून घेतला नाही. उद्या सकाळी न्याहारी झाली की बसू, असं ठरलं. तो विसरला तर मी हाक मारीन. मला सगळं लक्षात राहणार आहे.